लहान विमान, मोठी भीती

जालन्याहून छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, रस्त्याला लागले की शहर येण्याआधीच चिकलठाण्याचा विमानतळ लागतो. जालन्यात बियाण्यांचा धंदा वाढला, लोखंडाचे कारखाने उभे राहिले, तशी इथल्या व्यापाऱ्यांना या विमानतळाची सवय झाली. अशाच एका बियाण्यांच्या व्यापाऱ्यांची आणि माझी जुनी ओळख. १९९३ नंतर बावीस वर्षे त्यांनी विमानात पाऊल ठेवले नाही. मुंबईचे काम निघाले की रात्री देवगिरी एक्स्प्रेस गाठायची, हा त्यांचा नेम. कोणी विषय काढला तर म्हणायचे, "अहो, एवढं मोठं विमान ट्रकला अडकून पडलं. मग त्या पंख्यावाल्या लहान विमानाचा काय भरवसा?"

तो अपघात या भागातल्या लोकांच्या मनातून गेलेला नाही. २६ एप्रिल १९९३, भर दुपारची वेळ. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ चिकलठाण्याहून मुंबईला निघाले. विमानात ११८ माणसे होती. धावपट्टी संपली की लगेच बीडचा रस्ता. त्या रस्त्याने कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. आपल्याकडे असा ट्रक दिसला तर कोणी मान वळवूनही पाहत नाही. उशिरा उचललेल्या विमानाचे डावे चाक आणि इंजिन त्या ट्रकला धडकले, पुढे ते विजेच्या तारांत अडकले आणि कोसळले. ५५ जण गेले, ६३ वाचले. वैमानिकाने विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले, आणि विमानांच्या वेळेत रस्त्यावरची रहदारी थांबवली गेली नाही, अशी दोन कारणे चौकशीत पुढे आली.

म्हणजे विमान आकाशात आपण होऊन पडले नव्हते. एक माणसाची चूक होती आणि एक रस्त्याची. पण मन असा हिशेब करत नाही. मोठ्या विमानाच्या अपघाताची भीती ते लहान विमानावर नेऊन ठेवते. त्याचे कारण मला असे वाटते की लहान विमानात काहीच झाकलेले नसते. पंखा फिरताना दिसतो, पंख थरथरताना दिसतो, कधी कधी तर वैमानिकाची पाठही दिसते. मोठ्या विमानात या गोष्टी पडद्याआड राहतात आणि आपण पेपर वाचत बसतो.

आता थोडे मागे जाऊ. आपल्या देशातली नियमित विमानसेवा सुरू झाली तीच मुळी लहान विमानांवर. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाचे 'पस मॉथ' विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूला उतरले. तिथून टपाल पुढे मद्रासला नेले नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. रेडिओ नाही, रात्री वाट दाखवणारे दिवे नाहीत. पुढे कोणी प्रवासी आलाच तर तो टपालाच्या थैल्यांवर बसे. पहिल्या वर्षात अशा प्रवाशांची संख्या १५५ होती असे सांगतात. त्या १५५ जणांच्या छातीत काय धडधडत असेल याची कल्पना करावी!

या मंडळींनी भीतीचे काय केले? एकमेकांना धीर दिला असेलच, पण मुख्य म्हणजे त्यांनी नियम घातले आणि ते पाळले. व्हिन्सेंट अंधारात मद्रास गाठायला गेले नाहीत. ते बेल्लारीला मुक्काम करून सकाळी पुढे निघाले. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई. तेव्हा 'बघू, उतरू कसेबसे' असे कोणी म्हटले नाही. सगळे बिऱ्हाड उचलून पुण्याला नेले आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावरून विमाने उडवली. मला या गोष्टीत पहिल्या उड्डाणापेक्षाही जास्त शहाणपण दिसते. थांबणे, जागा बदलणे, परत फिरणे ही लहान विमानाची खरी ताकद आहे.

१९४९ मध्ये रात्रीची टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चार दिशांनी डकोटा विमाने मध्यरात्री नागपूरला येत, थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत परत जात. ज्याने जन्मात विमान जवळून पाहिले नव्हते त्याचे पत्रही विमानात बसू लागले. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री यातलेच एक विमान नागपूरहून उडाले आणि लगेच कोसळले. कामगार नेते हरिहरनाथ शास्त्री त्यात गेले. वैमानिक तेवढे वाचले. तरीही ही सेवा पुढे अनेक वर्षे चालली.

वैमानिकांच्या हाती आज जी तपासणीची यादी असते तिचाही जन्म अपघातातूनच झाला. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचे एक नवे चार इंजिनांचे विमान चाचणीत पडले. चालवणारे सराईत होते. पण विमान उभे असताना वाऱ्याने त्याची शेपटी हलू नये म्हणून लावलेला खटका उड्डाणापूर्वी काढायचा राहून गेला. त्यानंतर वैमानिकांनी ठरवले की आठवणीवर विसंबायचे नाही, प्रत्येक गोष्ट यादी वाचून पाहायची. वीस हजार तास उडालेला माणूसही आज ती यादी वाचतो, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

अर्थात लहान विमानाला धोका नाही असे मी म्हणणार नाही. ३० सप्टेंबर २००१ रोजी कानपूरच्या सभेला निघालेले माधवराव शिंदे मैनपुरीजवळ लहान विमानाच्या अपघातात गेले. हवा खराब होती. सभा ठरलेली असते, माणसे खोळंबलेली असतात. अशा वेळी 'आज नको' म्हणणे किती अवघड असेल! वेळापत्रकाने चालणाऱ्या विमानाचा वैमानिक ते जास्त सहज म्हणू शकतो. म्हणून विमान उशिरा सुटले की चिडू नये, असे मी भित्र्या प्रवाशांना आवर्जून सांगतो.

आणि हादरे? रिकामी बैलगाडी भरलेल्या गाडीपेक्षा जास्त आदळते, म्हणून ती मोडकी ठरत नाही. लहान विमानाचे तसेच आहे. मराठवाड्याची काळी जमीन एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तापते, गरम हवा वर चढते आणि हलक्या विमानाला खालून ढुशा देते. सकाळी हा त्रास कमी असतो. पंखाजवळच्या जागेवर हादरा कमी जाणवतो. पट्टा घट्ट बांधावा, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा. इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे खाली येते, हाही गैरसमजच आहे. चार जणांचे सेसना ३००० फुटांवरून इंजिनाशिवायही साधारण ८ किलोमीटर तरंगत जाते. शेतात उतरायला तेवढे अंतर पुष्कळदा पुरते.

यातले बरेचसे मी त्या व्यापाऱ्यांना सांगितले होते. त्यांना पटले असे काही दिसले नाही. मग २०१५ च्या सुमारास चिकलठाण्याहून हैदराबादला पंख्याची एटीआर विमाने जाऊ लागली आणि त्यांची मुलगी हैदराबादला बाळंत झाली. नातवाचे तोंड पाहायचे होते, रेल्वेचे आरक्षण मिळेना. त्यांनी सकाळचे विमान घेतले, पंखाजवळची जागा मागितली. आत शिरताच हवाई सुंदरीला स्पष्ट सांगितले, "बाई, मला भीती वाटते." तिने हसून पाणी आणून दिले आणि मध्ये दोनदा येऊन विचारपूस केली.

विमान धावायला लागले तेव्हा इतर प्रवासी डोळे मिटून बसले होते. हे मात्र खिडकीला नाक लावून बाहेर पाहत होते. नंतर मी विचारले, "काय पाहत होता हो?"

"रस्ता," ते म्हणाले. "ट्रक येतोय का ते."

परत येतानाही ते विमानानेच आले. देवगिरीचे तिकीट अजून काढतात, पण आता गाडी भरलेली असली तर.