ज्याकोष्टकावांचून ज्यासाधन

जुन्या ज्योतिषग्रंथांच्या पोथ्या तपासतांना शब्दांच्या पाठभेदांकडे जितकें लक्ष दिलें जातें तितकें अंकांच्या पाठभेदांकडे दिलें जात नाहीं, असें आम्हांस वाटतें. श्लोकांतील अशुद्ध अक्षर वृत्तावरून वा अर्थावरून सांपडतें. कोष्टकांतील चुकलेला आंकडा मात्र एका प्रतींतून दुसऱ्या प्रतींत निमूटपणें उतरतो. त्याच्या परीक्षेचें साधन आपल्याच ग्रंथांत आहे.

आर्यभटानें वृत्तपादाचे २४ भाग करून ३४३८ त्रिज्येच्या ज्यांचे फरक अक्षरांकांनीं दिले. पहिला फरक ‘मखि’. म्हणजे म २५ व खि २०० मिळून २२५. आर्यभटीयाचा भाष्यकार पहिला भास्कर (भाष्य इ. स. ६२९) यानें महाभास्करीयाच्या सातव्या अध्यायांत या फरकांवांचून ज्या काढण्याची रीति सांगितली आहे. भुजांश १८० मधून वजा करून बाकीस भुजांशांनींच गुणावें. गुणाकार ४०५०० मधून वजा करून येईल तो भाजक. गुणाकाराची चौपट तो भाज्य. भागाकारास त्रिज्येनें गुणिलें कीं ज्या आली.

४५ अंश घेऊं. गुणाकार ६०७५, भाज्य २४३००, भाजक ३४४२५. भागाकार बरोबर १२/१७. त्यावरून ज्या २४२७ येते. कोष्टकांत २४३१ आहे. ३० व ९० अंशांस रीति बिनचूक उतरते, आणि इतरत्र खऱ्या ज्येशीं तिचें अंतर कोठेंही ६ पर्यंत जात नाहीं. तेव्हां ३४३८ त्रिज्येच्या कोष्टकांत एखादी ज्या रीतीहून ७ पेक्षां अधिक दूर दिसली, तर ती लेखकप्रमाद समजावी. समजा, २४३१ च्या जागीं २४१३ लिहिलें आहे; अंतर १४ पडून चूक तत्काळ उघडी होते. एका-दोहोंची चूक मात्र या चाळणींतून निसटेल. शिवाय त्रिज्या आधीं पाहावी. करणग्रंथांत ती पुष्कळदां १२० असते.

नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें शके १४४२ (इ. स. १५२०) मधील ग्रहलाघवांत ज्याचाप अजिबात टाकिलें, म्हणून त्यानें गणितास उतरती कळा आणिली, असा आक्षेप ऐकूं येतो. त्याची रविमंदफलाची रीति पाहावी. भुजांशांचा नवमांश २० मधून वजा करून बाकीस त्याच नवमांशानें गुणावें. त्या गुणाकाराचा नवमांश ५७ मधून वजा करून उरेल त्यानें गुणाकारास भागावें. ९० अंशांस फल २ अंश १० कला ४५ विकला येतें. ३० अंशांस ज्या निम्मी, म्हणून फलही निम्में हवें. रीतीनें तें अवघें १२ विकलांनीं अधिक येतें. ८१ नें भागलेला तोच भास्कराचा गुणाकार येथें आहे. भाजकाची घडणही तीच. किती चूक खपेल हें ज्यास ठाऊक, त्यासच कोष्टक टाकितां येतें. यास आम्ही अवनति म्हणत नाहीं.

म्हणून संग्राहकांस विनंती, कीं करणग्रंथांचीं व पंचांगगणिताचीं सुटीं पानें केवळ आंकडेमोड समजून बाजूस सारूं नयेत. एक भागाकार करून पाहावा; प्रत कितपत विश्वसनीय आहे याची साक्ष आंकडेच देतील.