बेळगावने गमावलेली माणसे : लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे सहकारी

कारखान्याचा इतिहास बहुधा यंत्रांच्या आणि भांडवलाच्या आकड्यांतून सांगितला जातो. परंतु बेळगावच्या औद्योगिक इतिहासातील एक प्रकरण असे आहे, की ज्याचा उलगडा या आकड्यांनी होत नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातील आपला कारखाना हलवावा लागला. त्या वेळी त्यांच्याजवळ ना जागा होती, ना पुरेसा पैसा. असे असूनही सुमारे २५ कामगार आपापली बायकामुले घेऊन त्यांच्यामागून एका ओसाड माळावर राहावयास गेले. ते का गेले, हा या प्रकरणातील खरा प्रश्न होय.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण डोळ्यांना काही रंगांतील भेद नीट कळेना, म्हणून त्यांनी यांत्रिक रेखाटनाची वाट धरली. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. तेथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. गुणांकडे वरिष्ठांनी पाठ फिरविली, म्हणजे हाताखालच्या माणसाचे मन कामातून कसे उठते, हे त्यांनी अशा रीतीने स्वतः अनुभवले होते. मालक झाल्यावर त्यांनी माणसे ज्या पद्धतीने निवडली व वाढविली, तिचा उगम या अनुभवात शोधणे वावगे ठरू नये.

बेळगावात बंधू रामुअण्णा यांच्यासह त्यांनी १८८८ मध्येच सायकलींचे दुकान काढले होते. दुकानातून कारखाना निघाला. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने आरंभी नांगर खपेना. अशा काळात मजुरीच्या आशेवरच राहिलेली माणसे टिकत नाहीत. मालकाच्या शब्दावर भरवसा असलेली माणसेच टिकतात. कारखाना जरा स्थिरावतो आहे तोच नव्या ठळकवाडी वसाहतीसाठी नगरपालिकेला ती जागा हवी झाली आणि लक्ष्मणरावांवर उठून जाण्याची पाळी आली.

औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी या वेळी साहाय्यास धावले. त्यांनी दहा हजार रुपयांचे कर्ज आणि कुंडल रोड स्थानकानजीकची ३२ एकर जमीन दिली. जमीन कसली, निवडुंगाचे रान आणि नागांची वस्ती! ती साफ करण्यापासून कामाला आरंभ झाला. राहण्याची घरे, पाण्याची सोय, कारखान्याच्या भिंती हे सारे त्याच हातांना उभारावयाचे होते. ज्या गैरसोयी कामगारांच्या वाट्याला आल्या, त्या मालकाच्या कुटुंबालाही चुकल्या नाहीत. किर्लोस्करवाडीचा पाया या समान वाटणीत आहे.

लक्ष्मणरावांचे दुसरे बळ म्हणजे माणसाची पारख. त्यांच्या भोवतीच्या मंडळींकडे पाहिले तर पदव्यांचा थाट कोठेच दिसत नाही. शंभोराव जांभेकरांनी अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते, तरी यंत्रविद्येत ते कारखान्याचा आधार बनले. अनंतराव फळणीकर अर्ध्यावर शाळा सोडलेले. त्यांच्यातून कल्पक यंत्रज्ञ घडला. के. के. कुलकर्णी यांना विद्यार्थी म्हणून यश लाभले नव्हते, परंतु व्यवस्थापनाचा भार त्यांनी समर्थपणे वाहिला. मंगेशराव रेगे यांनी हिशेब सांभाळले, तर रामुअण्णांनी वसाहतीची आखणी व कारभार पाहिला. शिक्षा भोगून आलेल्या आणि समाजाने दरोडेखोर म्हणून टाकलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी रात्रीचा पहारा सोपविला, आणि ती माणसे विश्वासास उतरली. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास मज्जाव होता. सहकाऱ्याची खरी ओळख असल्यावाचून अशी कामे अशा हाती देता येत नाहीत. ही ओळख कचेरीत बसून होत नाही. ती ओतशाळेत, सुतारशाळेत, रोजच्या सहवासात होते.

या घरगुती व्यवस्थेला मर्यादाही होत्या, हे मान्य केले पाहिजे. ज्या वसाहतीत घर, पाणी आणि पोटापाण्याचे काम एकाच मालकाकडून मिळते, तेथे मतभेद व्यक्त करणे सोपे नसते. शिवाय पंचवीस माणसांना नावानिशी ओळखणे निराळे आणि वाढत्या कारखान्यातील प्रत्येकाला ओळखणे निराळे. १९२० साली कारखान्याचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. मराठी वाचकांना त्याचे पुढचे मासिकरूप परिचित आहे. परंतु त्याचा जन्म कारखान्याचे वर्तमान दूरवर पोचविण्याच्या गरजेतून झाला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तोंडी बोलण्याने जे साधत होते, ते व्याप वाढल्यावर छापील शब्दाने साधावे लागते.

१९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या ब्राह्मणविरोधी दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळपोळीत सापडला. कुंपणाच्या आतले नाते कितीही जिव्हाळ्याचे असले, तरी भोवतालच्या समाजातील तेढ कुंपणापाशी थांबत नाही, हा त्या घटनेचा कठोर धडा होय. कारखाना मात्र पुन्हा उभा राहिला आणि चालू लागला. लक्ष्मणराव १९५६ मध्ये निवर्तले.

बेळगावपुरता या इतिहासाचा अर्थ थोडा बोचरा आहे. १९१० साली नगराने एक जागा मोकळी करून घेतली. वसाहतीसाठी जागा हवी असणे यात गैर काही नव्हते. परंतु त्या जागेवर काम करणाऱ्या माणसांचे एकमेकांशी कोणते नाते जडले आहे, याची नोंद कोणत्याही नकाशात नव्हती. ते नाते त्या पंचवीस कुटुंबांबरोबर कुंडलच्या माळावर गेले. कारखाना असो वा ग्रंथालय, संस्थेच्या मालमत्तेची यादी करताना इमारत, कपाटे आणि शिल्लक यांच्यापुढे माणसांचा हा रकाना बहुधा कोराच राहतो. संकटाच्या दिवशी मात्र प्रथम तोच पाहावा लागतो.