धार आणि देवास : शहराच्या मध्यवस्तीत जेवायचे कुठे?

उज्जैन, ओंकारेश्वर आणि मांडू पाहण्यासाठी माळव्यात जाणाऱ्या मराठी प्रवाशांचा मुक्काम बहुधा इंदूरला असतो. तेथून देवास सुमारे ४० किलोमीटरवर, तर धार सुमारे ६५ किलोमीटरवर आहे. ही दोन्ही शहरे पवार घराण्याच्या संस्थानांच्या राजधान्या होती. महामार्गावरील ढाब्यावर जेवून अनेक जण पुढे निघून जातात आणि माळव्याची चव जुन्या बाजारातच राहून जाते. मात्र अनोळखी बाजारात निवड चुकली, तर ज्येष्ठांचे आणि मुलांचे पोट बिघडून यात्रेचे दिवस वाया जाऊ शकतात. म्हणून काही गोष्टी आधी ठाऊक असलेल्या बऱ्या.

बाजाराची ओळख

देवासचे जुने शहर टेकडीच्या पायथ्याशी वसले आहे. टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा यांची स्थाने असून लोक त्यांना बडी माता व छोटी माता म्हणतात. तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंमुळे येथे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने निर्माण झाली आणि एकाच शहरात दोन राज्यांचा कारभार चालला. कुमार गंधर्वांनी १९४८ पासून अखेरपर्यंत याच शहरात वास्तव्य केले. सयाजी द्वार आणि टेकडीचा पायथा या खुणा लक्षात ठेवल्या, की बाजारात वाट चुकत नाही.

धार ही राजा भोजाची नगरी. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ मध्ये येथील किल्ल्यात झाला. किल्ला आणि राजवाडा यांच्या आसपासची जुनी वस्ती पायी हिंडण्याजोगी आहे. माळव्यात ‘चौपाटी’ म्हणजे समुद्रकिनारा नव्हे. चौकाला किंवा खाद्यपदार्थांच्या गाड्यांच्या जागेला तेथे हा शब्द वापरतात.

वेळेनुसार निवड

सकाळी पोहे आणि जिलेबी. माळव्यातील पोहे वाफेवर गरम ठेवतात. त्यांत तेल बेताचे, किंचित साखर व बडीशेप असते आणि वरून शेव, कच्चा कांदा, लिंबू व ‘जिरावन’ हा मसाला घालतात. सकाळचा हा पदार्थ दुपारी उशिरा न घेतलेला बरा.

दुपारी डाळ-बाफले. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडून, मग भाजून तुपात बुडवतात. सोबत डाळ, कढी, लसणाची चटणी आणि लाडू असतो. हे जेवण जड असल्यामुळे टेकडी चढण्यापूर्वी नव्हे, तर दर्शन आटोपल्यावर घ्यावे. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्यांनी आधी विचारून घ्यावे.

संध्याकाळी कचोरी, समोसा आणि मोसमी पदार्थ. पावसाळ्यात मक्याची कणसे किसून दुधात शिजवलेला ‘भुट्टे का कीस’ मिळतो, तर हिवाळ्यात ‘गराडू’ हा कंद तळून, लिंबू पिळून देतात. धार जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातील डाळ-पानिये हा पदार्थही चाखण्याजोगा आहे. मक्याच्या पिठाच्या भाकऱ्या पानांमध्ये ठेवून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजतात. मांडूच्या रस्त्यावर विकली जाणारी ‘मांडूची चिंच’ म्हणजे गोरखचिंचेचे आंबट फळ होय.

मासळीची सवय असलेल्यांनी एक ध्यानात ठेवावे, की देवळांच्या परिसरातील खाणे प्रामुख्याने शाकाहारी असते. उपवासाची साबुदाणा खिचडी घेताना वरून घातलेला चिवडा उपवासाचा आहे ना, हेही विचारावे.

दुकान पारखताना

स्थानिक कुटुंबांची वर्दळ असलेले दुकान निवडावे, कारण तेथे माल लवकर खपतो आणि ताजा येतो. समोर तळून मिळणारा पदार्थ तयार ढिगातल्यापेक्षा बरा. कढईतले तेल काळपट, दाट व धुरकट दिसले तर पुढे जावे. वारंवार तापवलेल्या तेलात तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल वापरण्यास अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार मनाई आहे. चटणी, दही आणि चिरलेला कांदा झाकलेला आहे का, हे पाहावे. पिण्यासाठी बंद बाटलीतले पाणी घ्यावे, बर्फ टाळावा.

परवानाधारक उपाहारगृहाच्या पावतीवर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक असावा लागतो. १ जानेवारी २०२२ पासून हे बंधनकारक आहे. साध्या उपाहारगृहात वस्तू व सेवा कर ५ टक्के असतो. एकरकमी योजनेत नोंद असलेल्या लहान व्यावसायिकाला तो ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही. सेवाशुल्क देणे ऐच्छिक असून ते बिलात परस्पर जोडता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

गर्दीच्या दिवसांत

नवरात्रात देवासच्या टेकडीवर भाविकांची रीघ लागते. अशा वेळी पहाटे दर्शन, नंतर न्याहारी आणि गर्दी वाढण्यापूर्वी जेवण असा क्रम ठेवावा. मधुमेही व्यक्तींनी जेवणाची वेळ रांगेवर सोडू नये. जवळ थोडे खाणे आणि औषध ठेवावे. पुढच्या प्रवासासाठी काही बांधून घ्यायचे असल्यास कोरडी शेव उत्तम. बाफले मात्र गरम असतानाच खावेत.