ख्रिस्ती सामूहिक प्रार्थनेतील उच्चार आणि मौन

ख्रिस्ती मंडळीने एकत्र जमून करावयाची प्रार्थना उच्च स्वरात असावी, मंद स्वरात असावी की मौनात, याविषयी निरनिराळ्या पंथांत भिन्न परंपरा आढळतात. काही ठिकाणी एक जण प्रार्थना म्हणतो व इतर ‘आमेन’ म्हणून तीस संमती देतात. काही ठिकाणी सर्व जण एकाच वेळी आपापली प्रार्थना मोठ्याने करतात, तर काही पंथांत सभा बराच काळ निःशब्द बसते. शेजारी बसलेल्या व्यक्तीस त्या प्रार्थनेत सहभागी होता येते की नाही, हा या मतभेदातील कळीचा मुद्दा होय.

बायबलमधील आधार

बायबलमध्ये दोन्ही प्रकारांना आधार सापडतो. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हन्ना केवळ ओठ हलवून प्रार्थना करते. तिचा आवाज ऐकू न आल्याने एली हा याजक तिला मद्यधुंद समजतो. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूने लोकांना दिसावे म्हणून केलेल्या प्रार्थनेचा निषेध केला आहे. याउलट ‘प्रेषितांची कृत्ये’ (४:२४) यात पेत्र व योहान यांची सुटका झाल्यावर विश्वासणारे एकमताने उच्च स्वरात प्रार्थना करतात. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौलाने सभेतील शिस्तीचा विचार केला आहे. ऐकणाऱ्याला अर्थ कळावा व त्याची आध्यात्मिक उन्नती व्हावी, ही त्याची कसोटी आहे.

इतिहास

धर्मगुरूने उपासनेतील मुख्य प्रार्थना लोकांना ऐकू येईल अशा स्वरात म्हणावी, असा आदेश सम्राट जस्टिनियन पहिला याने ५६५ मध्ये काढला. तरीही पुढे पौर्वात्य व पाश्चात्त्य अशा दोन्ही परंपरांत ही प्रार्थना हळू आवाजात म्हणण्याची प्रथा रूढ झाली. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६२ मध्ये या प्रथेचा बचाव केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकांच्या सक्रिय सहभागावर भर दिला. त्याचबरोबर योग्य वेळी आदरयुक्त मौन पाळण्याचीही सूचना केली. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या क्वेकर पंथाने मौनालाच सामूहिक उपासनेचे रूप दिले. अंतःप्रेरणा झाल्यास त्यांच्या सभेत कोणीही उठून बोलू शकतो.

पुनरुज्जीवन चळवळी

१९०५ मध्ये पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाई यांच्या मुक्ती मिशनमध्ये आध्यात्मिक पुनरुज्जीवन घडून आले. तेथील मुली व स्त्रिया एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, रडत व पापांची कबुली देत. या प्रकारावर टीका झाली असता रमाबाईंनी मिशनच्या ‘मुक्ती प्रेयर बेल’ या नियतकालिकातून त्याचे समर्थन केले. जानेवारी १९०७ मध्ये कोरियातील प्योंगयांग येथील पुनरुज्जीवनातही सर्वांनी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना केली. ‘तोंगसोंग किदो’ या नावाने ही पद्धत कोरियन मंडळ्यांत आजही प्रचलित आहे.

मतमतांतरे

एकत्रित उच्चारामुळे संकोची किंवा निरक्षर व्यक्तीलाही मोकळेपणाने प्रार्थना करता येते, कारण तिच्या शब्दांची पारख करणारा कोणी नसतो, असे समर्थक मानतात. अशा गजरात एकमेकांची प्रार्थना ऐकू येत नाही, नवागत गोंधळतो आणि शांत स्वभावाच्या व्यक्तीला आपली श्रद्धा उणी असल्यासारखे वाटते, असा आक्षेप घेतला जातो. मौनाविषयीही आक्षेप आहेत. शेजाऱ्याचे दुःख उच्चारले न गेल्यास त्याचा भार इतरांना वाटून घेता येत नाही.

भारतातील कायदेशीर बाजू

चेन्नईतील एका पेन्टेकोस्टल चर्चमधील ध्वनिवर्धक व वाद्यांच्या वापराविरुद्ध स्थानिक रहिवासी न्यायालयात गेले होते. इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असे मत सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये या प्रकरणात व्यक्त केले. ध्वनिप्रदूषणविषयक नियम सर्व धर्मांच्या प्रार्थनास्थळांना समान लागू आहेत.