शब्दवेध : वॉकमन

'वॉकमन' हा शब्द व्याकरणाला धरून नाही. इंग्रजीच्या मास्तरांनी त्यावर लाल रेघच मारली असती. तो घडला जपानात. आधी सोनीने पत्रकारांसाठी 'प्रेसमन' नावाचा खिशातला रेकॉर्डर काढला. त्यातली ध्वनिमुद्रणाची सोय काढून, स्टिरिओ बसवून 1 जुलै 1979 रोजी टीपीएस-एल2 हा पहिला वॉकमन बाजारात आला. 'प्रेस'च्या जागी 'वॉक' आला, 'मन' तसाच राहिला. परदेशात हे इंग्रजी चालणार नाही, या शंकेने अमेरिकेत 'साउंडअबाउट', ब्रिटनमध्ये 'स्टोअवे', तर स्वीडनमध्ये 'फ्रीस्टाइल' अशी नावे दिली गेली. टिकले मात्र अशुद्धच! 1986मध्ये ते ऑक्सफर्डच्या कोशातही शिरले. आपल्याकडे तर कुठल्याही कंपनीचा असो, तो वॉकमनच.

वॉकमनमध्ये वाजणाऱ्या 'कॅसेट'चे मूळ मात्र जुने. लॅटिन 'काप्सा' म्हणजे पेटी. तिची फ्रेंच नात 'कासेत', म्हणजे डबी. औषधाची कॅप्सूल याच घरातली. मराठीने कॅसेटला स्त्रीलिंगी केले ते पेटी-डबीच्या ओढीने की काय, असे मला उगीच वाटते.

जुने वॉकमन जमवणाऱ्यांचा जीव 1983च्या डब्ल्यूएम-20वर. बंद असताना तो जेमतेम कॅसेटच्या कव्हराएवढा. कॅसेट घालायची तर अंगच खणासारखे बाहेर ओढावे लागते. डबीत न मावणारी डबी! असा कुठे मिळाला, तर सेल घालण्याआधी आतला रबरी पट्टा बघा. बहुतेकदा त्याचा काळा चिकटा झालेला असतो.