गवताची लेखणी, गवताचा कागद आणि काचेची पाटी

१/ टॅबलेटवर टिपणे काढण्यासाठी किंवा रेखाटने करण्यासाठी कोणता स्टायलस घ्यावा, ही चर्चा बहुधा किंमत आणि 'दाबाच्या पातळ्या' या दोन आकड्यांवर येऊन थांबते. इतिहासाला मात्र हा प्रश्न नवा नाही. लेखणी आणि पृष्ठभाग यांची जोडी बदलली की अक्षराचे वळणही बदलते, हे या भूमीवर वारंवार घडले आहे. त्याचा माग बल्लारपूरपासून काढता येतो.

२/ वर्धा नदीकाठचे बल्लारपूर ही चंद्रपूरच्या आधीची गोंड राजांची राजधानी. त्यांचा किल्ला आजही नदीकाठी उभा आहे. येथून दक्षिणेला राजुरा तालुका ओलांडला की तेलंगण लागते. बल्लारशाह जंक्शनवरून निघालेली रेल्वेगाडी काझीपेठकडे जाते आणि वाटेत स्थानकांच्या पाट्यांवरची लिपी बदलते. देवनागरीचे उभे दंड मागे पडतात आणि तेलुगूची गोलाकार अक्षरे सुरू होतात.

३/ या गोलाईचे एक स्पष्टीकरण सर्वत्र सांगितले जाते. दक्षिणेत दीर्घकाळ ताडपत्रावर लोखंडी टोकदार लेखणीने अक्षरे कोरली जात आणि नंतर त्यांत काजळी भरली जाई. ताडपत्राला लांबीच्या दिशेने शिरा असतात. त्या दिशेने सरळ रेघ ओढली तर पान फाटण्याचा धोका. म्हणून अक्षरे वळणे घेत गेली. अशा लेखणीची रेघ सर्वत्र एकाच जाडीची असते, हेही लक्षात ठेवावे.

४/ खऱ्या अर्थाने 'स्टायलस' हीच. हा शब्द लॅटिन 'स्टिलस'वरून आला. रोमन लोक मेण लावलेल्या लाकडी पाटीवर याच टोकदार साधनाने लिहीत आणि त्याच्या चपट्या मागच्या टोकाने मेण सपाट करून मजकूर पुसत. आजच्या काही स्टायलसांच्या मागच्या बाजूला खोडरबर असते, ती जुनीच युक्ती. आपल्याकडे हेच काम धूळपाटीने केले. 'धुळाक्षरे गिरवणे' हा वाक्प्रचार तिचाच अवशेष.

५/ उत्तरेची आणि महाराष्ट्राची वाट वेगळी होती. येथे लेखणी म्हणजे बोरू : गवतवर्गातल्या वनस्पतीच्या पोकळ कांडीचे टोक तिरपे छाटून केलेली, दौतीत बुडवून चालवायची. बांबूच्या कामटीचाही बोरू होतो. बांबू हे शेवटी गवतच. बोरूचे टोक सुईसारखे नसून पट्टीसारखे रुंद असते. त्यामुळे रेघेची जाडी दाबावर अवलंबून राहत नाही. टोक कोणत्या कोनात धरले आणि हात कोणत्या दिशेने गेला, यावर ती ठरते.

६/ या कोनातच देवनागरीची ओळख आहे. रोमन लिपीत रुंद टोकाच्या लेखणीची जाड रेघ वरच्या डावीकडून खालच्या उजवीकडे उतरते. देवनागरीत ती साधारणपणे उलट, म्हणजे वरच्या उजवीकडून खालच्या डावीकडे येते; कारण बोरूचा छेदच उलट्या बाजूला असतो. हा बारकावा पुढे स्टायलस निवडताना निर्णायक ठरणार आहे.

७/ मोडी लिपी ही बोरूची सर्वांत वेगवान कामगिरी. आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या आणि मग हात शक्य तितका कमी उचलत अक्षरे त्या रेघांना लटकवत जायचे. चिटणिशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी तिची वळणे प्रसिद्ध आहेत. दफ्तरातला कारकून 'बोरूबहाद्दर' म्हणून चेष्टेचा विषय झाला खरा. पण राज्याचा जमाखर्च, वतने आणि तह यांची आठवण त्याच्याच मनगटाने जपली.

८/ बोरूला पृष्ठभागाची साथ हवी असे. जुन्नर आणि दौलताबाद ही हातकागदाची नावाजलेली ठिकाणे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे तर नावच या व्यवसायावरून पडले. चिंध्या, ताग यांसारख्या तंतूंच्या लगद्याचा कागद खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटला जाई. घोटला नाही तर बोरू अडखळतो आणि शाई फुटते. उत्तम लेखणीचा अर्धा गुण कागदात असतो, हे ज्ञान तेव्हाच्या कारागिरांना होते.

९/ एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाबरोबर पोलादी टाक आला. त्याचे टोक अणकुचीदार आणि मधोमध चिरलेले. दाब दिला की चिरेची दोन पाती फाकतात आणि रेघ जाड होते. दाब काढला की बारीक. म्हणजे जाडीचा कारभार कोनाकडून दाबाकडे गेला. इंग्रजी लपेटदार अक्षरासाठी हे सोयीचे होते. मोडी आणि देवनागरीसाठी मात्र हा परका न्याय होता. शिसपेन्सिल, फाउंटन पेन आणि बॉलपेन आल्यावर तर जाड-बारीक भेदच बहुतांशी पुसला गेला.

१०/ याच काळात कागदही बदलला. यंत्राला चिंध्या पुरेनात. बांबूपासून लगदा करण्याच्या पद्धतीवर डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत विल्यम रेट यांनी महत्त्वाचे काम केले. १९२५ मध्ये बांबू-कागद उद्योगाला आयातीपासून संरक्षण देणारा कायदा झाला. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने चांदा जिल्ह्यातील बांबूच्या भरवशावर बल्लारपुरात कागद कारखाना उभारला. १९७५ मध्ये तिचे नाव बल्लारपूर इंडस्ट्रीज झाले आणि शाळकरी वह्यांच्या कागदाशी या गावाचे नाव जोडले गेले.

११/ प्रक्रिया थोडक्यात अशी : बांबूचे तुकडे कॉस्टिक सोडा व सोडियम सल्फाइडच्या द्रावणात दाबाखाली शिजवतात. तंतूंना चिकटवून ठेवणारे लिग्निन विरघळते आणि तंतू सुटे होतात. लगदा धुऊन, विरंजित करून, जाळीवर पसरून, रुळांमधून दाबून सुकवतात. शाई फुटू नये म्हणून त्यात राळ वा तत्सम द्रव्य मिसळतात. जुन्या कागजीची खळ आणि घोटणीचा दगड यांचेच हे यांत्रिक रूप. गवताच्या लेखणीसमोर आता गवताचा कागद आला. पण तोवर ती लेखणीच व्यवहारातून हद्दपार होत होती.

१२/ या कागदाला आणखी एक बाजू आहे. ज्या जंगलातून बांबू कारखान्यांकडे जात असे, तेथील गावांचा त्यावरचा हक्क दीर्घकाळ मान्य नव्हता. वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेकडे आला. लिहिण्याचा पृष्ठभाग कुठून तरी, कुणाच्या तरी वाट्यातून येतो. काचेच्या पाटीलाही हा नियम लागू आहे.

१३/ यंत्रांनी अक्षरांवरही अटी घातल्या. विल्यम कॅरी यांचा १८१० चा मराठी कोश मोडी खिळ्यांनी छापला गेला. परंतु एकमेकांत गुंतणारी मोडी अक्षरे सुट्या खिळ्यांत नीट बसेनात आणि छापील मराठी देवनागरीकडे वळली. पुढे छपाईच्या सोयीसाठी सावरकरांनी 'अि, अी, अु' अशी स्वरांची बाराखडी सुचवली. परदेशातही निराळे घडले नाही. १९९६ च्या पाम पायलट या उपकरणावर लिहायचे तर 'ग्राफिटी' नावाची एकरेघी अक्षरे नव्याने शिकावी लागत. यंत्राने हाताला शिकवले; हाताचे यंत्राने ऐकले नाही.

१४/ विजेच्या लेखणीचा प्रवासही जुना आहे. १८८८ मध्ये एलिशा ग्रे यांनी तारेवरून हस्ताक्षर पाठवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी प्रकाश-लेखणीने संगणकाच्या पडद्यावर आकृत्या काढून दाखवल्या. १९६४ मध्ये रँड टॅबलेट आला. जपानच्या वॅकॉम कंपनीने १९८० च्या दशकात बिनतारी लेखणी बाजारात आणली. २०११ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी नोटबरोबर एस पेन आणि २०१५ मध्ये आयपॅड प्रोबरोबर ॲपल पेन्सिल आली.

१५/ आजचे स्टायलस तीन जातींचे. पहिला, रबरी टोकाचा साधा स्टायलस : पडद्याला तो बोटासारखाच वाटतो, दाब कळत नाही, तळहात वेगळा ओळखला जात नाही. दुसरा, विद्युतचुंबकीय अनुनादाचा : पडद्याखालच्या वेटोळ्यांच्या जाळीतून निघालेले क्षेत्र लेखणीतील वेटोळ्याला जागवते आणि तो उत्तर पाठवतो. लिहिण्यासाठी याला बॅटरी लागत नाही; वॅकॉम आणि एस पेन याच घराण्यातले. तिसरा, सक्रिय स्टायलस : यात बॅटरी असते आणि त्याच्या टोकातून निघणारा संकेत पडदा टिपतो, ॲपल पेन्सिल या घराण्यातली.

१६/ आता जुना हिशेब मांडून पाहावा. दाब न ओळखणारा स्टायलस ताडपत्रावरच्या लोखंडी लेखणीचा वारस : एकाच जाडीची रेघ. दाब ओळखणारा स्टायलस पोलादी टाकाचा वारस. जाहिरातींतल्या ४०९६ किंवा ८१९२ पातळ्या या टाकाच्या फाकणाऱ्या पात्यांची गणती करतात. बोरूला या गणतीशी कर्तव्य नाही. त्याला हवा कोन. म्हणून देवनागरी सुलेखन करणाऱ्याने पातळ्यांच्या आकड्याला भुलण्याचे कारण नाही.

१७/ मग बोरू काचेवर कसा उतरवावा? ॲपमध्ये रुंद, चपट्या टोकाचा ब्रश निवडावा, दाबाचा परिणाम बंद करावा आणि टोकाचा कोन स्थिर ठेवावा. बहुतेक ब्रशांचा मूळ कोन रोमन लिपीसाठी बेतलेला असतो. तो उलट्या दिशेला फिरवला की देवनागरीची जाड-बारीक लय परत येते. यासाठी महागडा स्टायलस लागतोच असे नाही. लिहिताना बोटांत लेखणी फिरवण्याची सवय असेल तरच फिरकी ओळखणारे साधन कामाचे : वॅकॉमचा आर्ट पेन किंवा २०२४ ची ॲपल पेन्सिल प्रो.

१८/ छायाभेद दाखवणाऱ्या रेखाटनांचा न्याय वेगळा. तेथे पेन्सिलीची परंपरा चालते आणि दाब व कल या दोन्हींची गरज पडते. म्हणून खरेदीपूर्वी वैशिष्ट्यांची यादी तपासावी. २०२३ मध्ये आलेल्या स्वस्त ॲपल पेन्सिलीला कल कळतो, दाब कळत नाही. टिपणांसाठी तिची अडचण नाही. चित्रकाराला मात्र ती अपुरी पडते. शिवाय ॲपल पेन्सिल फक्त आयपॅडवर चालते, तीही ठरावीक मॉडेलांवर. एस पेनच्या घराण्यात इतर उत्पादकांच्या लेखण्याही चालतात. नामांकित पेन्सिल कंपनी स्टेडलरने तसा स्टायलस काढला आहे.

१९/ टिपणांत दोन गोष्टी महत्त्वाच्या : विलंब आणि घर्षण. टोक पुढे गेले आणि रेघ मागे राहिली तर हात नकळत सावकाश होतो आणि अक्षर किरटे पडते. ॲपलने २०१९ मध्ये हा विलंब २० वरून ९ मिलिसेकंदांवर आणल्याचे जाहीर केले. सॅमसंगने २०२२ च्या टॅब एस ८ मालिकेतील काही मॉडेलांसाठी २.८ चा दावा केला. घर्षणाची बाजू त्याहून जुनी आहे. काच अतिशय गुळगुळीत, म्हणून टोक घसरते. खरखरीत आवरण लावले तर कागदाचा भास होतो, पण टोक लवकर झिजते आणि पडदा किंचित धूसर दिसतो. घोटीव कागद किती घोटावा, याच जुन्या प्रश्नाचे हे नवे रूप.

२०/ लिपींच्या दृष्टीने स्टायलसचे मोल याहून मोठे आहे. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ मध्ये. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेल्या गोंडी लिपीला ती २०१७ मध्ये मिळाली. बल्लारपूरपासून फार दूर नसलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावात सापडलेल्या हस्तलिखितांची गोंडी लिपी २०१८ मध्ये समाविष्ट झाली. तोवर संगणकाच्या मजकुरात या अक्षरांना स्वतःचा संकेतांकच नव्हता. लेखणीला मात्र कुणाच्या परवानगीची गरज पडत नाही. हाताला अक्षर येत असेल तर ते काचेवर उमटते.

२१/ मोडी शिकणाऱ्यांसाठी याचा थेट उपयोग आहे. दफ्तरातील कागदाचे छायाचित्र टॅबलेटवर घ्यावे, त्यावर पारदर्शक थर ठेवावा आणि मूळ अक्षरांवरून स्टायलस गिरवत जावे. कुठे हात उचलला, कुठे ओढ घेतली, हे डोळ्यांआधी मनगटाला समजते. मोडी वाचनातील अडचण बहुधा रेघांच्या क्रमाची असते. मूळ कागदाला शाईचा थेंबही लागत नाही, ही आणखी जमेची बाजू. पुराभिलेखागारांत शाईच्या पेनला सहसा मनाई असते, ती याच भीतीपोटी.

२२/ एक सावधगिरी. हातकागदावरची मोडी पत्रे शतकांनंतरही वाचता येतात, तर राळ-तुरटी घातलेला आम्लधर्मी यंत्रकागद काही दशकांतच पिवळा पडून ठिसूळ होतो. म्हणजे नवा पृष्ठभाग जुन्याहून टिकाऊ असेल, याची खात्री नसते. काचेवरचे टिपण तर ॲपच्या स्वतःच्या फाइल-प्रकारात अडकलेले असते. ॲप बंद पडले की दफ्तरालाच कुलूप लागते. म्हणून महत्त्वाची टिपणे वेळोवेळी पीडीएफ करून दुसरीकडे ठेवावीत. निवडक पाने कागदावर उतरवावीत, हे त्याहून उत्तम.

२३/ स्टायलस घेण्यापूर्वी विचारायचा प्रश्न असा : आपला हात कोणत्या परंपरेत लिहितो? एकाच जाडीची भरभर टिपणे काढणाऱ्याला विलंब कमी असलेली साधी लेखणी पुरते. छायाचित्रणासारखे रेखाटन करणाऱ्याने दाब आणि कल यांसाठी पैसे मोजावेत. देवनागरी वा मोडीचे वळण जपणाऱ्याने आधी ब्रशचा कोन दुरुस्त करावा, मग खिशाकडे पाहावे. बोरूबहाद्दर आपला बोरू स्वतः छाटून घेत असे. काचेच्या पाटीवर ही छाटणी सेटिंग्जमध्ये करावी लागते, इतकेच.