उकाडा जुना, कारंजी नवी

सिंगापुरात नव्याने बिऱ्हाड थाटलेल्या मराठी कुटुंबात मुलांना सुट्टी लागली की पोरांना पाण्यात खेळायला कुठं न्यायचं, हा प्रश्न हमखास निघतो. उत्तरं भराभर मिळतात. मरीना बराजच्या चौकात जा, गार्डन्स बाय द बेमधल्या लहान मुलांच्या बागेत जा, जुरोंगला तळ्याकाठी जा, नाहीतर व्हिवोसिटी मॉलच्या गच्चीवर जा. यातल्या एकाही ठिकाणी तिकीट नाही. ही सोय पाहिली की कारण उघडच दिसतं: गाव विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर, अंगाची काहिली होणारच, म्हणून कारंजी आली. पण हे कारण पुरत नाही. सिंगापूरला उन्हाळा असा वेगळा ऋतूच नाही. बाराही महिने दुपारचा पारा 31 ते 33 अंशांच्या आसपास असतो, मे-जूनमध्ये थोडा चढतो इतकंच. 13 मे 2023 रोजी आंग मो किओमध्ये 37 अंशांची नोंद झाली, तेव्हा चाळीस वर्षांपूर्वीच्या, एप्रिल 1983 मधल्या विक्रमाशी बरोबरी झाली. तापमानवाढ खरी आहे आणि ती बेटाला जाणवतेही आहे, पण उकाडा इथल्या पहिल्या वस्तीइतका जुना आहे. फुकट कारंजी मात्र गेल्या वीसेक वर्षांतली. जे पूर्वीपासून होतंच, ते नव्या गोष्टीचं कारण कसं होईल? माझ्या मते या कारंज्यांचा उगम पाणीपुरवठ्याच्या इतिहासात शोधायला हवा. या शहराला पाण्याची जितकी निश्चिंती मिळाली, तितकंच पाणी त्याने मुलांच्या वाट्याला सोडलं.

सुरुवात टंचाईने झाली. एकोणिसाव्या शतकातलं सिंगापूर विहिरींवर आणि बैलगाडीने येणाऱ्या पाण्यावर जगत होतं. 1857 मध्ये तान किम सेंग या व्यापाऱ्याने शहराला नळाचं पाणी मिळावं म्हणून 13,000 डॉलर दिले. ते पैसे सरकारी योजनेत वाया गेले. थॉमसन रोडचा जलाशय 1868 मध्ये बांधून झाला, पण त्याचं पाणी पंपांनी शहरात खेळू लागायला आणखी दहा वर्षं गेली. 1882 मध्ये नगरपालिकेने या दात्याच्या स्मरणार्थ एक सुंदर ओतीव लोखंडी कारंजं उभारलं. ते आज एस्प्लनेड पार्कमध्ये आहे. शहरातल्या या नावाजलेल्या कारंज्यामागे पाण्याची ददात होती, हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे. त्या काळी मुलं पाण्यात खेळत नव्हती असं मुळीच नाही. ती समुद्रात, नदीत, ओढ्यात खेळत होती. बंदरात आगबोट लागली की मलय पोरं छोट्या होड्या घेऊन तिला वेढा घालत आणि प्रवाशांनी टाकलेली नाणी बुडी मारून वर काढत. त्याची छायाचित्रं जुन्या पोस्टकार्डांवर पाहायला मिळतात. त्यात खेळ किती आणि पोटापाण्याची गरज किती, हे सांगणं अवघड आहे. सुरक्षित, राखलेलं पाणी मात्र मोजक्यांचं होतं. 1894 मध्ये स्थापन झालेला सिंगापूर स्विमिंग क्लब युरोपियनांसाठी होता.

या चित्रात पहिला मोठा बदल झाला तो एका निवृत्त जलाशयामुळे, आणि माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा मला इथे दिसतो. माउंट एमिली टेकडीवर शहराला पाणी वाटणारा एक साठवण-जलाशय होता. पुरवठ्याचा आवाका वाढला, शेजारच्या जोहोर राज्याशी 1927 मध्ये करार होऊन मुख्य भूमीवरून पाणी आणायचं ठरलं, आणि टेकडीवरच्या या टाक्याची गरज उरली नाही. नगरपालिकेने तो बुजवला नाही, जागा विकलीही नाही. तिथे पोहण्याचा तलाव केला आणि जानेवारी 1931 मध्ये तो लोकांसाठी उघडला. सिंगापूरचा हा पहिला सार्वजनिक तलाव. दुसरा तलाव 1952 मध्ये तान्जोंग पागार भागात झाला, यान किट तलाव. तोही पाण्याच्या एका निकामी झालेल्या जुन्या टाकीच्या जागेवर. शहरातले पहिले दोन्ही सार्वजनिक तलाव पाणीखात्याच्या जुन्या मालमत्तेतून निघावेत, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. टाकी रिकामी होते कधी? दुसरीकडे तिच्याहून मोठी सोय झाल्यावर. म्हणजे शहराच्या तहानेची बेगमी होऊन जे उरलं, ते पोहणाऱ्यांच्या हाती आलं.

ही बेगमी किती कच्ची होती ते फेब्रुवारी 1942 मध्ये दिसलं. जलाशय जपानी सैन्याच्या हाती गेले होते, बाँबफेकीने नळ फुटले होते, आणि ब्रिटिशांच्या शरणागतीमागे पाण्याचा हा पेच एक मोठं कारण होता. 1963 मध्ये पाऊस रुसला. एप्रिल 1963 पासून फेब्रुवारी 1964 अखेरपर्यंत, जवळजवळ दहा महिने, शहरात पाणीकपात चालली. नळ आला की घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायचं, हे मराठवाड्यातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. 1965 मध्ये देश मलेशियापासून वेगळा झाला तेव्हा त्याच्या नळाचा कॉक शेजाऱ्याच्या हातात होता. अशा देशात मुलांसाठी मोकळी कारंजी उडवण्याचा विचार कोण करणार? नव्या वसाहतींमध्ये सरकारने पोहण्याचे तलाव बांधले, त्यातला तोआ पायोहचा 1973 मध्ये आग्नेय आशियाई द्वीपकल्पीय क्रीडास्पर्धांसाठी सज्ज झाला. लहानग्यांसाठी उथळ तलावही आले. पण ते तिकीट काढून, वेळ पाळून, शिस्तीत पोहायचे तलाव होते. वसाहतीतल्या अंगणात मुलांच्या वाट्याला आली ती वाळू. तोआ पायोहचा 1979 चा ड्रॅगन या वाळूच्या मैदानांतला सर्वांत लाडका, आणि आजही उभा आहे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर मुलांना नळाच्या पाण्याची वाट पाहायची गरजच काय? याचं उत्तर किनाऱ्याच्या इतिहासात आहे. कटोंगला समुद्रातच लाकडी खांब रोवून कुंपण केलेलं असे, त्याला पागार म्हणत. आत बिनधास्त पोहता येई, शार्कची भीती नसे. 1966 पासून पूर्व किनाऱ्यावर भराव घालायला सुरुवात झाली आणि पुढची वीसेक वर्षं ते काम चाललं. समुद्र मागे सरला, कटोंगची पागार कोरड्या जमिनीत हरवली. नव्या भूमीवर ईस्ट कोस्ट पार्क झालं आणि 1977 मध्ये त्यात बिग स्प्लॅश उघडलं, उंच रंगीत घसरगुंड्या आणि लाटांचा तलाव असलेलं. जिथे समुद्र फुकट होता तिथे आता तिकीट काढून पाणी मिळू लागलं. नवा किनाराही पोहायला खुला होता, हे खरं. पण भरती-ओहोटी, गढूळपणा आणि समोर नांगर टाकून उभी असलेली जहाजं पाहता दोन वर्षांच्या पोराला तिथे मोकळं सोडायला कोणती आई धजावेल? समुद्र मोठ्या मुलांचा असतो. तान्ह्यांचा प्रश्न वेगळा आहे, आणि कारंजी आली ती त्यांच्यासाठी.

दुसरा आक्षेप बाजाराचा. लोकांच्या खिशात पैसा आला, म्हणून पाण्याचे खेळ आले, त्यात पाणीखात्याचं काय? तिकिटाच्या वॉटर पार्कांबाबत हे मान्य करायला हरकत नाही. पण त्यांची वंशावळ पाहिली तर ती तुटक आहे. बिग स्प्लॅश बंद झालं. सेंटोसावरचं फँटसी आयलंड 1994 मध्ये सुरू होऊन 2002 मध्ये मिटलं. 2004 मध्ये पासिर रिसला वाइल्ड वाइल्ड वेट आलं, 2012 मध्ये सेंटोसावर अ‍ॅडव्हेंचर कोव्ह. मुंबईकरांना गोराईच्या वॉटर किंगडमवरून ही जात ओळखीची आहे. बाजार हौस पुरवतो, वर्षातून एकदा. दर शनिवारी संध्याकाळी, चपला घालून, टॉवेल खांद्यावर टाकून जाण्याची जागा बाजारातून आलेली नाही. व्हिवोसिटीच्या गच्चीवरचा उथळ तलाव हा अपवाद, आणि तिथेही मॉलचा हिशेब उघड आहे: पोरं भिजतात, आईबाप खाली खरेदी करतात. माउंट एमिली आणि यान किट हे तलावही पुढे बंद पडले, हे इथे सांगायला हवं. सरकारी म्हणून काही अमर होत नाही. पण त्यांची कल्पना मागे राहिली, आणि ती फार मोठ्या आकारात परत आली.

1977 मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी सिंगापूर आणि कलांग या नद्या दहा वर्षांत स्वच्छ करण्याचं काम यंत्रणेच्या अंगावर टाकलं. काठावरचे डुकरांचे आणि बदकांचे गोठे हलले, रस्त्यावरचे खाद्यविक्रेते आणि कारागीर हलले, मालवाहू होड्या 1983 मध्ये पासिर पांजांगला गेल्या. त्यात अनेकांचे पिढीजात धंदे उठले, ती किंमत कमी लेखू नये. 1987 पर्यंत नद्या स्वच्छ झाल्या, आणि 2008 मध्ये त्यांच्या मुखाशी मरीना बराज हे सुमारे 350 मीटर लांबीचं धरण पूर्ण झालं. एकषष्ठांश बेटावर पडणारा पाऊस आता गोड्या पाण्याच्या तळ्यात जमू लागला. 2003 मध्ये सांडपाणी शुद्ध करून बनवलेलं न्यूवॉटर पुरवठ्यात आलं होतंच. या धरणाच्या आवारात, पंपगृहाच्या शेजारीच मुलांसाठी जमिनीतून उसळणारी कारंजी केली गेली. पुढे 2012 मध्ये बिशान-आंग मो किओ पार्कमधली 2.7 किलोमीटरची सिमेंटची सरळसोट नहर फोडून तिची 3.2 किलोमीटरची वळणावळणाची नदी केली. पूर्वी जिच्याकडे कुंपणावरून पाहायचं, त्या पाण्यात आता पोरं पाय बुडवतात, आणि पाऊस वाढला की दिवे आणि भोंगे त्यांना काठावर बोलावतात. 2019 मध्ये उघडलेल्या जुरोंगच्या लेकसाइड गार्डनमधल्या क्लुसिया कोव्हमध्ये तर गाळण्याची झाडंझुडपं खेळाच्या रचनेतच धरली आहेत. 1931 मध्ये पाणीखात्याने वापरून टाकलेली टाकी मिळाली होती. आता चालू धरणाच्या अंगणात जागा मिळाली.

असं मैदान चालतं कसं, हे पाहण्यासारखं आहे. जमिनीला किंचित उतार, वर पाय न घसरणारं रबर किंवा खडबडीत फरशी, त्यात तोट्या बसवलेल्या. पाणी कुठेच साचत नाही, म्हणून बुडण्याचा धोका जवळजवळ नाही. उडालेलं पाणी चिरांमधून खालच्या टाकीत उतरतं, वाळूच्या गाळणीतून जातं, क्लोरीन किंवा अतिनील किरणांनी शुद्ध होतं, आणि पंप ते पुन्हा वर फेकतो. एखादं चार वर्षांचं पोर तोटीवर टाच दाबून उभं राहतं, तशी शेजारची धार हातभर उंच उसळते आणि तिथल्या पोराच्या तोंडावर बसते. दोघांनाही दाबाचा नियम कळलेला असतो, शाळेत तो यायला अजून सात-आठ वर्षं असतात. गाळणी नीट नसेल तर हेच पाणी आजार फिरवतं. 2005 मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका लेक पार्कच्या फवाऱ्यांतून क्रिप्टोस्पोरिडियम पसरून हजारो लोक आजारी पडले होते, कारण हा जंतू क्लोरीनला सहज दाद देत नाही. फुकट कारंज्यामागचा रोजचा खर्च आणि कष्ट इथे असतात. पाणी तपासणारं, गाळणारं, ठरल्या दिवशी मैदान बंद ठेवून धुणारं खातं नसेल तर नुसत्या तोट्या बसवून काही होत नाही.

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना तिसरा आक्षेप उभा राहिला असेल: पाण्याची ही चैन नैतिक आहे का? 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, आणि त्याच उन्हाळ्यात मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला लावले. रंगपंचमी कोरडी खेळा, असं आपण मुलांना सांगतो. हा प्रश्न रास्तच आहे. पण सिंगापूर स्वतः पाण्याने गरीब आहे. 1962 चा जोहोर करार 2061 मध्ये संपतो, आणि पाण्याचे दर 2017 व 2018 मध्ये दोन टप्प्यांत तीस टक्क्यांनी वाढवले गेले. घरगुती वापर माणशी रोज 141 लिटरच्या आसपास आहे आणि तो आणखी खाली आणायचं सरकारी धोरण आहे. अशा देशाला मैदानातल्या पाण्याचा हिशेब परवडतो, कारण ते पाणी वाहून जात नाही. वारा, वाफ आणि ओले कपडे नेतील तेवढंच कमी होतं. उधळपट्टी आणि फिरतं पाणी यांत फरक आहे, आणि तो करण्यासाठी आधी गळकी वितरण-व्यवस्था दुरुस्त असावी लागते. आपल्याकडे मुलांना कोरडं राहायला सांगणं सोपं आहे, नळांची गळती शोधणं कठीण. बोजा मात्र मुलांवर टाकला जातो.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. जलाशयात पोहायला सिंगापुरात आजही बंदी आहे. पोरं खेळतात ते शेजारच्या राखीव तुकड्यात. शिवाय 2006 पासून जलाशय आणि नाले लोकांसाठी खुले करण्याचा जो सरकारी कार्यक्रम चालला आहे, त्याचा उद्देश लोकांनी पाण्याला आपलं मानावं, घाण करू नये, दरवाढ समजून घ्यावी, हा आहे. 2002 च्या राष्ट्रीय दिनाला न्यूवॉटरच्या बाटल्या वाटल्या गेल्या त्यामागेही हाच विचार होता. म्हणजे मुलांचा खेळ हे राज्याचं साधन झालं का? झालं आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण माउंट एमिलीचा तलावही नगरपालिकेने काही निव्वळ मायेपोटी बांधला नव्हता, आणि तरी ज्यांना क्लबाचं फाटक बंद होतं, त्यांची मुलं तिथे पोहायला शिकली. सार्वजनिक जागेची पारख हेतूवरून करण्यापेक्षा आत कोण येऊ शकतं यावरून करावी, असं मला वाटतं. मरीना बराजच्या चौकात घरकामाला आलेल्या फिलिपिनो बाईने सांभाळलेलं मूल, पंगोलहून आलेलं मलय कुटुंब आणि काल नागपूरहून उतरलेली पोरं एकाच तोटीखाली भिजतात. त्यांना ना सभासदत्व लागतं ना तिकीट, फक्त कोरडे कपडे सोबत लागतात.